हिंदुरावाची बारी

"यंदाच्या मे महिन्यात मला कुनी 'जेवलास का' इचारलं, तर त्याचं सात जन्म तोंड बघनार नाय!"

हिंदुराव भोईरानं हे पालेगावच्या पारावर, भर गर्दीत, छाती काढून सांगितलं. त्याचा थोरला भाऊ किसन शेजारीच विडी ओढत बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "बरं बाबा. पन अजून एप्रिलच हाय. जेवलास का?"

हसू नका हो! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हिंदुराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. दिवसभर कानाशी प्रेस धाड धाड आपटायचा. संध्याकाळी सायकल हाणत घरी यावं, तर एका अंगणात भावाभावांची घरं, आणि जो दिसेल तो एकच प्रश्न विचारणार. भावजय विचारणार, पुतणी विचारणार, कोपऱ्यावरची म्हातारी विठाबाई तर नुसत्या सायकलच्या आवाजावर विचारायची. तिला दिसत नव्हतं, पण तेवढ्यानं कुणाची सुटका होत नव्हती. "हो" म्हणावं तर "काय जेवलास?" आणि "नाही" म्हणावं तर दंडाला धरून पाटावर!

बरं, हक्काची रजा मिळायची मे महिन्यात, आणि ती सगळी जायची बायकोच्या माहेरच्या लग्नांत. चांगुणेचं माहेर मुरबाडकडे. तिच्या बहिणी, बहिणींच्या पोरी, त्या पोरींच्या नणंदा! दरवर्षी कुणीतरी बोहल्यावर चढायला तयारच. हिंदुरावानं आजवर इतके मांडव घातले होते, इतक्या भाताच्या पातेल्यांना खांदा दिला होता, की रजा संपवून कारखान्यात परतला की त्याला विश्रांती मिळाल्यासारखं वाटायचं.

त्याला काय हवं होतं? एक डोंगर. डोंगरावर एक वेताची खुर्ची. खुर्चीत तो. आणि आसपास माणूस नावाचा प्राणी नको! बावीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हेच तेवढं त्याला मिळालं नव्हतं.

चांगुणेचं सगळं उलट. घरात दहा माणसं जेवायला असली की तिला एकटं एकटं वाटायचं. वीस झाली की ती गुणगुणायला लागायची.

"गप बसायला डोंगरावं कशाला जायाला पायजे?" ती म्हणायची. "मेल्यावर बसायचंच हाय की गप! तवा कोन इचारायला येनार हाय, जेवलास का म्हनून?"

"तवा तरी नक्की नाय ना येनार?" हिंदुराव विचारायचा. त्याला तीही खात्री वाटत नव्हती.

तर अशा या घरात सुखशिखर हॉलिडे क्लब शिरला. कसा शिरला, ते सांगायचं तर आधी अण्णाचा फोन सांगायला हवा.

साल पंच्याण्णव. गावात फोन म्हणाल तर किराणावाल्या अण्णाकडचा. आता दुसऱ्या गावांत काय करतात, की फोन आला की त्या माणसाला बोलावून आणतात. अण्णाला तेवढा दम नव्हता. तो रिसीव्हर एका हातात धरायचा, दुकानाच्या पायरीवर यायचा आणि निरोप थेट गावाला ऐकवायचा. समोरच्यानं आपल्या अंगणातून ओरडून उत्तर दिलं की अण्णा ते फोनमध्ये सांगायचा. जाण्यायेण्याचा त्रास वाचायचा, आणि गावाला रेडिओची गरज पडायची नाही.

"हिंदुराऽऽव! उल्हासनगरवरनं फोन हाय! तुला बक्षीस लागलंय रं! लेमन सेट!"

अंगणं थबकली. दिवाळीत चांगुणेनं उल्हासनगरात चादरी घेताना दुकानातल्या डब्यात एक कुपन टाकलं होतं, ते आता पावलं होतं.

"पन बायकोला संगं घेऊन या म्हनतात!" अण्णा पुढे ओरडला. "सोताच्याच!"

रविवारी दोघं नटून-थटून उल्हासनगरच्या हॉलवर हजर झाली. गार हवा, मऊ खुर्च्या, भिंतीवर डोंगरांचे आणि समुद्राचे हे मोठाले फोटो. जोडप्यांनी हॉल भरलेला. प्रत्येक जोडपं लेमन सेटच्या खोक्यांकडे बघत होतं. टाय लावलेला एक गोरागोमटा, हसतमुख गृहस्थ पुढे आला. टेकचंदानी त्याचं नाव.

"भाऊ, ताई, देखो! हॉटेल में जाओ, पैसा दो, वापस आओ, हाथ में क्या? कुछ नाय! इथं मेंबर झालात की दर साल एक हफ्ता तुमचा. पक्का तुमचा! पंचवीस साल! पहाड पाहिजे, पहाड. समुंदर पाहिजे, समुंदर." मग तो पहिल्या रांगेकडे वळला. "भाऊ, आपको छुट्टी में क्या चाहिए?"

"गप बसायचंय," हिंदुराव म्हणाला.

"वा! और ताई, आपको?"

"मानसं."

दुसरा कोणी असता तर चपापला असता. टेकचंदानीनं टाळी वाजवली. "परफेक्ट! मेंबरशिप अशाच जोडी के लिए है! एक साल भाऊचा पहाड, एक साल ताईचा समुंदर. झगडा खतम!"

झगडा खतम? झगडा तिथूनच उभा राहिला!

"पयलं साल कुनाचं?" नवरा-बायकोनं एका दमात विचारलं.

"माझं! मी बावीस वर्सं मांडव घातलेत!"

"मांडवात जेवलं कोन? मी एकटी?"

"मला जेवायचंच नव्हतं! मला झोपायचं होतं!"

मागच्या रांगेतले बदलापूरचे एक मास्तर ताडकन उठले. "बरोबर बोलतायत हे! मलासुद्धा दरवर्षी हिच्या भावाकडे जायचं नसतं!" त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?" "तू विचारलंस कधी?" झालं! पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. एकाला देवदर्शन नको होतं, एकीला सासूबरोबर थंड हवा नको होती, एक काका तर सुट्टीच नको म्हणत होते. वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं सहलीला गेलेल्या जोडप्यांना त्या गार हॉलमध्ये कळलं, की आपण कायम चुकीच्या ठिकाणी जात होतो. दोघा-तिघांनी तर लेमन सेट उचलून दरवाजा गाठला.

टेकचंदानीचा टाय सैल झाला. दोन तास घसा फोडूनही त्याचा तो 'हफ्ता' कुणाच्या गळी उतरेना. जागा आपली, पण वर्षातून आठच दिवस आपली, बाकीचे दिवस दुसऱ्याची, म्हणजे नेमकी कुणाची?

"थांबा!" चांगुणा उभी राहिली. "आवं, ही तर इहिरीची बारी!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आमच्या भावाभावांत इहीर एक. सोमवारी थोरल्याची बारी, मंगळवारी आमची, बुधवारी धाकट्याची. ज्याची बारी, त्या दिशी पानी त्याचं. इहीर समद्यांची, पन बारी ज्याची त्याची! हे तसंच नाय का?"

"हांऽऽ!" सगळा हॉल एकदम म्हणाला. टेकचंदानीनं हात जोडले. "ताई, बिलकुल वही! बारी! तुमची बारी!"

"आनी बारीत हक्क कुनाचा?"

"आपका!"

"आमी तितं काय करतो, ते कोन इचारनार नाय ना?"

"किसकी हिम्मत है!"

बिचारा! उल्हासनगरात वाढलेल्या माणसाला बारीचे कायदे कुठून ठाऊक असणार? पालेगावात ते शेंबड्या पोरालाही पाठ असतात. आपली बारी चालू आहे आणि भाऊबंदाचं वावर कोरडं आहे, तर त्याला पाणी सोडावंच लागतं. नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आणि उन्हाळ्यात विहीर वापरली की तिचा गाळ काढून द्यायचा, हीही रीतच. या दोन कलमांबद्दल टेकचंदानीनं काही विचारलं नाही, आणि चांगुणेला वाटलं, हे तर त्याला माहीतच असेल.

पहिलं साल कुणाचं, ते नाणं उडवून ठरलं. छापा पडला. डोंगर! हिंदुरावानं जागच्या जागी उडी मारली, बोनसमधून पहिला हप्ता भरला आणि काखेत लेमन सेट मारून तो विजयी वीरासारखा बाहेर पडला.

"बारी तुमची, तर तुमची," चांगुणा म्हणाली. ती अगदी शांत होती. बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या नवऱ्यानं तिथंच घाबरायला हवं होतं.

मे महिन्यात दोघं खंडाळ्याच्या बाजूच्या त्या सुखशिखरावर पोचली. खोली नेटकी, आत छोटासा स्वयंपाकाचा ओटा, बाहेर हिरवळ, हिरवळीपलीकडे पोहायचा तलाव आणि समोर सगळा डोंगर. आणि हो, वऱ्हांड्यात वेताची खुर्ची!

पहिल्या सकाळी हिंदुराव त्या खुर्चीत बसला. वारा आला. एक पाखरू ओरडलं आणि गप्प झालं. कुणी हाक मारली नाही, कुणी आलं नाही, कुणी पातेलं उचलायला बोलावलं नाही. हिंदुरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी काहीही विचारत नव्हतं, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं, की हे पाप तर नाही ना, अशी शंका त्याला चाटून गेली.

चांगुणा कठड्याला टेकून इकडे तिकडे बघत होती. बाकीच्या खोल्यांतही जोडपीच होती. नवरा पेपरात, बायको विणकामात. तिनं सगळ्यांचं निरीक्षण केलं आणि विचारलं, "हितं कुनी वारलंय का?"

हिंदुरावानं डोळे मिटून घेतले. मग ती ऑफिसात फोन करायला गेली. कुणाला, ते त्यानं विचारलं नाही. गप बसायची हौस होती ना! भोगा आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न वाजला. डोंगराच्या वळणावरून धाकट्या सोमाचा टेम्पो कण्हत, धूर ओकत वर आला आणि थेट हिरवळीवर चढला. मागची फळी पडली. थोरला किसन उतरला, त्याची बायको उतरली, पुतण्या, सुना, नातवंडं, दोन जिवंत कोंबड्या, तांदळाच्या पिठाचं गाठोडं, सुक्या बोंबलांची माळ, आणि सगळ्यांत शेवटी दोघांच्या आधारानं विठाबाई. तिनं नुसती हवा हुंगली आणि बरोबर खुर्चीच्या दिशेनं तोंड केलं.

"हिंदू, जेवलास का रं?"

हिंदुरावाच्या चेहऱ्याचं काय झालं, ते सांगत नाही. तुम्हाला वाईट वाटेल.

"हे काय गं?" तो बायकोवर धावला.

"मला कशाला इचारता? बारी तुमची! भाऊबंद कोरडे घरी बसलेत, आनी आपन हितं एकट्यानं पाट सोडून बसायचं? नाय म्हनू? तुमीच म्हना! जा, सांगा थोरल्याला, माघारी जा म्हनून."

दर उन्हाळ्यात विहिरीवर हाच कायदा तो स्वतः सगळ्यांना ऐकवायचा. आता तो स्वतःच्याच गळ्याशी आला होता.

मॅनेजर पळत आला. सडपातळ, मोजकं बोलणारा, इस्त्रीची घडी न मोडणारा माणूस. "मॅडम, एका खोलीत चारच माणसं चालतात."

"टेकचंदानी काय बोलला, ठाव हाय?" चांगुणेनं कमरेवर हात ठेवले. "किसकी हिम्मत है!"

मॅनेजर उल्हासनगरला फोन लावायला गेला. तिकडून कुणी उचलेना. तेवढ्यात हिरवळीवर तीन दगड मांडले गेले, चूल पेटली, कोंबड्या गेल्या आणि बोंबलाच्या चटणीचा वास त्या थंड, सभ्य डोंगरावर चारी दिशांनी फिरला.

दोन दिवस उकडलेल्या भाज्या खाऊन बसलेली जोडपी एकेक करून दारात आली. सगळ्यांत आधी शेजारच्या खोलीतले टोपीवाले काका. "नुसता वास घ्यायला आलो," म्हणाले, आणि पत्रावळीवर बसले. मग त्यांच्या बायकोनं विणकाम टाकलं. रस्सा-भाकरी झाली, किसननं पत्ते काढले, बायकांनी हळदीची गाणी सुरू केली, आणि ज्या बाईनं नवऱ्याशी दोन दिवसांत चार शब्द उच्चारले नव्हते, ती पुढं होऊन नाचायला लागली. चांगुणा त्या घोळक्याच्या मधोमध गुणगुणत होती.

हिंदुरावानं खुर्ची उचलली आणि तो पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला. तिथंही विठाबाईनं त्याला शोधून काढलं.

एवढ्यावर निभावलं असतं, तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. पण भोईर मंडळी पडली इमानी. टेम्पो परत निघायच्या दिवशी सकाळी किसन तोंड धुवत पोहायच्या तलावाच्या काठावर उभा राहिला. पाण्यावर पाचोळा, तळाला जरा हिरवट.

"सोमा, आपन हितं खाल्लं, प्यालं, आंघोळ्या केल्या. आनी गाळ न काढता जायाचं? लोक काय म्हनतील? पालेगावची मानसं फुकटी?"

सोमाच्या टेम्पोत विहिरीचं डिझेल इंजिन कायम पडलेलं असायचं. पाइप सोडला. इंजिन धडधडलं. पाणी वाया घालवायची यांची जात नव्हे, म्हणून ते शिस्तीत बागेतल्या झाडांना दिलं. मॅनेजरचा चहा होईपर्यंत तलाव कोरडा ठणठणीत! आत भोईरांची फौज नारळाच्या काथ्यानं तळ घासत होती, एक पुतण्या चुन्याचं पाणी मारत होता, आणि काठावर टोपीवाले काका हाफ पँट घालून "त्या कोपऱ्यात राहिलंय!" म्हणून सूचना देत होते.

मॅनेजर आला. बघितलं. काठावरच बसला.

"हे... हे काय केलंत?"

"उपकार मानू नका, सायेब," किसन खालून म्हणाला. "रीत हाय."

मॅनेजरच्या इस्त्रीची घडी अखेर मोडली. "बाहेर! सगळे बाहेर! मेंबर नवरा-बायको सोडून एकही माणूस इथं दिसता कामा नये!"

चांगुणा ताठ झाली. "जितं भाऊबंदाला उबं करत नाय, तितं मी पानी पिनार नाय!" ती सरळ जाऊन टेम्पोत पुढच्या सीटवर बसली. मांडीवर मसाल्याचा डबा. "चला हो!"

हिंदुराव हलला नाही. त्यानं खुर्ची टाकीमागून ओढत आणली, वऱ्हांड्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यात बसून तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मी नाय येनार! बारी माझी हाय! तुझ्या बहिनींची लग्नं केली, बहिनींच्या पोरींची केली, एकदाबी 'नाय' बोललो नाय. हे उरल्याले दिस माझं हायेत! मी हितं बसनार! एकटा!"

चांगुणेनं त्याच्याकडे बघितलं. तिला राग आला होता, आणि त्याखाली थोडं लागलंही होतं. पण ती चांगुणा होती.

"ऱ्हावा! बसा! बघू किती बसताय ते!"

टेम्पो गेला. धूर विरला. डोंगर पुन्हा पहिल्यासारखा शांत झाला. जिंकला! हिंदुराव जिंकला! त्यानं पाय लांब केले, डोळे मिटले.

"भोईर?"

टोपीवाले काका शेजारी स्टूल ओढून बसले होते. "वहिनी परत कधी येणार?"

"येनार नाय."

"अरेरे. मग आम्ही आता काय करायचं?" काकांनी विचारलं आणि तिथंच बसून राहिले. पाठोपाठ काकू आल्या. तो मसाला कुठं मिळतो, त्यांना हवं होतं. मग नाचणारी बाई आली. आपला नवरा कसा बोलत नाही, हे तिला चांगुणेला सांगायचं होतं, ती नाही तर निदान तिच्या नवऱ्याला तरी. मग तिचा तो न बोलणारा नवरा आला आणि अर्धा तास आपली बाजू बोलला! संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या आणि सगळ्या खुर्च्या हिंदुरावाच्या खुर्चीभोवती. तो तलावाकडे गेला, मंडळी तलावाकडे. तो टाकीमागं लपला, तर काका टाकीमागं आले आणि प्रेमानं म्हणाले,

"भोईर, जेवलात का?"

रोग पसरला होता!

दुसऱ्या दिवशीही तेच. आणि तेव्हा टाकीला पाठ टेकून उभ्या असलेल्या हिंदुरावाच्या डोक्यात उजेड पडला. लग्नांमध्ये मांडवामागं गोणपाटावर त्याला कधीमधी झकास डुलकी लागायची. ती का लागायची? कारण सगळं वऱ्हाड चांगुणेभोवती असायचं! मधमाश्या तिकडे, म्हणून हा इकडे मोकळा. बाईनं इतकी वर्षं त्याच्या झोपेला कुंपण घातलं होतं, आणि यानं आपल्या हातानं ते कुंपण टेम्पोत बसवून परत धाडलं होतं!

तो ऑफिसात गेला. फोन लावला. मागोमाग सगळी जोडपी दारात उभी राहिली.

"अण्णा, चांगुनेला जरा फोनवं बोलव. खाजगी हाय."

"खाजगी हाय? थांब! चांगुनेऽऽ! हिंदूचा फोन! खाजगी बोलायचंय म्हनतोऽऽ!"

पलीकडे अंगणं जमा झाल्याचा आवाज हिंदुरावाला स्पष्ट ऐकू आला.

"ती इचारतेय, हरलास का?" अण्णा म्हणाला.

"हरलो नाय! नुसती ये म्हनाव."

"हरला नाय म्हनतोऽऽ! पन ये म्हनतोऽऽ!" हशा पिकला. "कशाला, म्हनतेय."

"अण्णा, नीट सांग! ही मानसं मला बसू देत नायत. ती आली की तिच्याकडं जातील, मंग मी सुखानं बसेन!"

अण्णाला एवढं लांबलचक ओरडायचा कंटाळा. त्यानं सारांश काढला. "तुझ्याबिगर सुख नाय म्हनतो गंऽऽ!"

पालेगाव असं हसलं, की फोन कानापासून लांब धरावा लागला. विठाबाईचा आवाज तर सगळ्यांच्या वर होता. हिंदुराव लालबुंद झाला. कारखान्यात आता हे वर्षभर पुरणार होतं.

"ती म्हनतेय, पुढल्या साली समुद्र. आनी समदे भाऊबंद. आनी तिच्या बहिनीच्या पोरीचं लगीन राह्यलंय, त्याचा मांडव. कबूल?"

हिंदुरावानं मागं बघितलं. सगळी जोडपी माना हलवत होती. मॅनेजर जवळ सरकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हो म्हणा सर. तलाव एवढा स्वच्छ कधी झालाच नव्हता. आणि तो डबा... मसाल्याचा... तोही आणायला सांगा."

"कबूल!" हिंदुराव गरजला. "पन माझीबी अट हाय! मला कुनी जेवलास का इचारायचं नाय!"

"कबूल म्हनतेय!" अण्णा म्हणाला.

शेवटच्या दिवशी सकाळी चांगुणा एसटीनं आली. एकटीच आली, म्हणजे दोन जावा आणि सूनबाई एवढ्याच बरोबर होत्या. हिरवळीवर पुन्हा दगड मांडले गेले. या खेपेला सरपण मॅनेजरनंच पुरवलं. सगळी जोडपी चांगुणेभोवती गोळा झाली आणि हिंदुरावाकडे कुणी ढुंकूनही बघेना. तो चवड्यांवर चालत वऱ्हांड्यात आला. खुर्चीत बसला. वारा आला. लांबून हळदीचं गाणं येत होतं, अगदी मांडवामागं ऐकू यायचं तसं. त्या क्षणी कुणी त्याला विचारलं असतं, की नवऱ्याला डोंगर आणि बायकोला माणसं आवडत असतील, तर ही मेंबरशिप मानवते का, तर त्यानं दोन्ही हातांनी सही केली असती.

तो झोपला. काय झोपला! घोरण्यानं कठड्यावरची पाखरं उडाली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. हवेत कोंबडीच्या रश्शाचा शिळा होत चाललेला वास होता. तो लगबगीनं हिरवळीवर गेला. मंडळी ढेकरा देत पसरली होती. पत्रावळी गोळा झाल्या होत्या. भाकऱ्यांची पाटी पालथी.

हिंदुराव उभा राहिला. खाकरला. पुन्हा खाकरला. काकांनी पत्ते टाकता टाकता हात हलवला. काकूंनी विठाबाईची खुशाली विचारली. चांगुणेनं त्याच्याकडे बघितलं, पदराआड हसली, आणि गप्प राहिली. शब्दाची पक्की होती बाई!

एकानंही विचारलं नाही हो! बावीस वर्षांत पहिल्यांदा, एवढी माणसं जमलेली असून, एकानंही नाही!

तो चुलीमागं गेला. तिथं मॅनेजर उकिडवा बसून, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पातेल्याचा तळ पुसत होता. चाहूल लागताच त्यानं मान वर केली, तुकडा तोंडाशीच थांबवला आणि ओशाळून विचारलं,

"सर... जेवलात ना?"

हिंदुरावानं त्या तुकड्याकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं. मग पारावर काढली होती तश्शी छाती काढली.

"कवाच!" म्हणाला, आणि ताठ मानेनं जाऊन खुर्चीत बसला.